टाळ्या कधी वाजवायच्या, हे शेजाऱ्याकडं बघून कळतं

परवा ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. कुठला, कुणाचा ते सांगत नाही, कारण असे कार्यक्रम मी वीस वर्षं कव्हर करतोय आणि सगळे सारखेच असतात. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, प्रास्ताविक आणि मग प्रमुख पाहुण्यांचं चाळीस मिनिटांचं भाषण. दुसऱ्या रांगेत मूकबधिर शाळेची पंचवीसेक मुलं बसवलेली. इस्त्रीचे गणवेश, तेल लावून चापून बसवलेले केस.

पाहुणे बोलत होते. ते काय बोलतात हे खुणांच्या भाषेत सांगणारं स्टेजवर कुणी नव्हतं. मुलांच्या बाई पार मागं, पालकांच्या रांगेत. मुलं पाहुण्यांकडं बघतच नव्हती. ती बघत होती बाजूच्या लोकांच्या हातांकडं. हात हलले की ही टाळ्या वाजवायची. एकदा कडेच्या एका गृहस्थांनी डास मारायला हात आपटले, तर टोकाच्या पोरानं जोरात टाळी वाजवली. सभागृहात हशा पिकला. लोक हसतात बघून मुलंही हसली.

मला हसू आलं नाही. कारण ती युक्ती माझी आहे. शेजारी हसला की हसायचं, मान हलली की मान हलवायची, टाळी पडली की टाळी वाजवायची. पंचवीस वर्षं मी असाच पत्रकार म्हणून या जिल्ह्यात फिरलोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत नाही. आज सांगतो.

माझं गाव कळंब तालुक्यात. पाच-सहा वर्षांचा असताना उजवा कान फुटला. पू यायचा. आजीनं लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडलं, वर कापसाचा बोळा. तिच्या मायेत काही कमी नव्हतं. गावात कान फुटला की तेव्हा सगळेच हे करायचे, आजही करतात. कान वाहायचा थांबायचा, सर्दी झाली की पुन्हा सुरू. दहावीपर्यंत उजवा कान जवळपास गेला आणि डावाही मंदावला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की लहान मुलांमधला ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारखा असतो. माझाही त्यातलाच असावा.

शाळेत गुरुजी म्हणायचे, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष सगळं त्यांच्या ओठांवर असायचं. ते फळ्याकडं वळले की माझा तास संपला. पोरं "भैऱ्या" म्हणायची. घरी आलं की आई म्हणायची, "कुणाला सांगू नको. उद्या पोरगी कोण देईल?" झालं. तिथून लपवायला शिकलो.

पत्रकारितेचा डिप्लोमा केला तो लिहायची आवड होती म्हणून. ऐकायचं काम किती असतं हे कुणी सांगितलं नव्हतं! तालुका वार्ताहर म्हणून लागलो तेव्हा बातम्या फॅक्सनं जायच्या, पण डेस्कवरून शंका फोनवर यायची. फोन डाव्या कानाला घट्ट दाबून धरायचो. "आवाज कट व्हायलाय, रेंज नाही" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हणालो असेन, मोजदाद नाही. रेंज असायची. कान नसायचे.

मराठीत बहिऱ्या माणसाला घात करणारे शब्द पुष्कळ. प, ब, म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. पाटील आणि माटील, बाणी आणि पाणी, सगळं संदर्भावरून जुळवायचं. पण आकड्यांना संदर्भ नसतो. सतरा आणि सत्तर. साठ आणि सात.

एका पत्रकार परिषदेत पाणीपुरवठा योजनेचा आकडा जाहीर झाला. मी लिहिलं, ७० कोटी. सकाळी अंक आला आणि इतर सगळ्या पेपरांत १७ कोटी. दुपारपर्यंत दोन गोष्टी गावभर झाल्या. एक, मी विरोधकांकडून पैसे घेऊन आकडा फुगवला. दोन, मी परिषदेला गेलोच नव्हतो, घरी बसून बातमी पाडली. तिसरी शक्यता, म्हणजे मला ऐकूच आलं नाही, ती कुणाच्या डोक्यात आली नाही. आणि मीही ती सांगितली नाही. लाचखोर म्हणवून घेणं मला बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा सोपं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं तसंच आहे. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापून आली. जिल्हा पानावरची जागा गेली, वर्षभर मला फक्त प्रेसनोटा टाइप करायला दिल्या.

मला यातून बाहेर काढलं आमच्या फोटोग्राफरनं. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, मी त्याला अण्णा म्हणतो. परिषद संपली की तो न बोलता खिशातली चिठ्ठी माझ्या हातात द्यायचा. त्यावर फक्त आकडे आणि नावं. सहा महिने असं चाललं. एक दिवस मीच विचारलं, "अण्णा, तुला कसं कळलं?" म्हणाला, "मी कॅमेऱ्यातून तोंडं बघतो बाबा. तू प्रश्न विचारतोस आणि उत्तर यायच्या आधीच मान हलवतोस." त्यानंच मला सोलापूरला नेलं.

ज्यांनी ऑडिओमेट्री केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीक टूं टूं आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ काही सुरूच झालं नाही असं समजून बसून होतो. बाहेर काचेतून अण्णाचा चेहरा दिसत होता. त्याला आवाज ऐकू जात होते. त्याच्या चेहऱ्यावरून मला माझा रिपोर्ट कळला.

उजवा कान ७८ डेसिबल, डावा ५४. आता यातली गंमत बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणदोष असेल तर तुम्ही "ऐकण्यास कठीण" या गटात, ७० च्या पुढं "बहिरा". माझा डावा कान ६ डेसिबलनं नापास झाला. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं मला ऐकू येतं. सवलत, आरक्षण, कार्ड, काही नाही. माझी तक्रार नाही, कुठंतरी रेष ओढावीच लागते. पण रेषेच्या अलीकडं माझ्यासारखे किती जण बसलेत याचा विचार करा. शेतात पंपाजवळ राबलेले, पिठाच्या गिरणीत आयुष्य काढलेले, ट्रॅक्टरवाले, साठी ओलांडलेले तुमचे-माझे आईबाप. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेले ४ लाख ७० हजारांहून जास्त लोक होते. त्यात मी नाही. माझा बापही नाही, आणि तो टीव्ही असा लावतो की गल्लीला बातम्या कळतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार एकांगी लिहितो. कान ही अशी गोष्ट आहे की बिघडलेली दिसत नाही, त्यामुळं सोंग घेणारेही त्याच दारानं आत येतात. बदलीसाठी, नोकरीसाठी बोगस प्रमाणपत्रं घेतल्याचे आरोप राज्यभर गाजतात. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून तर देशभर गदारोळ झाला. कायद्यात याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. आणि बेरा नावाची तपासणी आहे. तिच्यात तुम्ही बटण दाबायचं नसतं, डोक्याला तारा लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे थेट बघतात. तिथं सोंग टिकणं अवघड. पडताळणी जरूर करा. पण तिचा भुर्दंड खऱ्याला बसतो. रांगेत उभ्या असलेल्या बहिऱ्या पोरीच्या पाठीमागं मुद्दाम टाळी वाजवून बघणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत.

कानाचं मशीन घेतलं. मशीन लावलं की चष्म्यासारखं सगळं लख्ख होतं असा लोकांचा समज असतो. तसं नसतं. मशीन पाहुण्यांचा आवाज वाढवतं तसा पंख्याचा, खुर्चीचा, मागच्या रांगेतल्या गप्पांचाही वाढवतं. त्याचा सेल केशरी स्टिकरचा, १३ नंबरचा. स्टिकर काढला की हवा लागून चालू होतो आणि मग आठ-दहा दिवसांत संपतो. आमच्याकडं तो मिळायचा नाही, सोलापूरहून आणायचा. ऐन अधिवेशनात सेल संपला की मी पुन्हा शेजाऱ्याच्या हातांकडं बघायला मोकळा.

मग २०२० आलं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. लोकांचा श्वास कोंडला, माझी भाषाच गेली. रोज आकड्यांची बातमी, रुग्ण किती, मृत्यू किती, आणि ओठ दिसत नाहीत. सतरा की सत्तर हा प्रश्न आता माणसांचा होता. त्या दिवसांत पहिल्यांदा मी भर बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, मला कमी ऐकू येतं. आकडे लिहून द्या." दोन सेकंद शांतता. मग साहेबांनी कागद पुढं केला. एवढंच. यासाठी मी अठरा वर्षं घाबरलो होतो! बाहेर आल्यावर तीन पत्रकारांनी त्याच कागदाचे फोटो काढून घेतले. त्यांनाही मास्कमधून कळलेलं नव्हतं.

आता मी मोबाइल टेबलावर ठेवतो, बोललेलं स्क्रीनवर मराठीत उमटतं. आपली बोली त्याला झेपत नाही. "काय करायलाव" म्हटलं की काहीतरी भलतंच छापतं. पण आकडे बरे येतात. आणि छापायच्या आधी प्रत्येक आकडा मी समोरच्याला लिहून दाखवतो. माझ्या बातमीत आता चूक सापडली तर सांगा.

हे सगळं आज का लिहितोय? गेल्या सप्टेंबरातल्या पुरामुळं.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. घरातले सगळे आवाजानं जागे झाले, मी हादऱ्यानं. पण जागा झालो. भूकंप बहिऱ्याला उठवतो. पाणी उठवत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. घरं पाण्यात, जनावरं गेली, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. पाणी ओसरल्यावर मी नदीकाठच्या एका गावात गेलो होतो. गावानं रात्री मंदिराच्या भोंग्यावरून हाळी दिली, लोक उठले, उंचावर गेले. वस्तीवर एक म्हातारा एकटाच राहतो, ठार बहिरा. पोरगं पुण्याला. भोंगा त्याच्यासाठी वाजलाच नाही. शेजारच्या नववीतल्या पोराला वाटेत आठवण झाली, तो बॅटरी घेऊन मागं पळाला आणि म्हाताऱ्याला हलवून उठवलं. तेव्हा पाणी बाजेच्या खुराला लागलं होतं.

मी त्या म्हाताऱ्याशी बोललो. म्हणजे तो ओरडत होता, मी ओरडत होतो, आणि भोवती जमलेले लोक हसून बेजार. "दोन भैऱ्यांची मुलाखत" म्हणून कुणीतरी व्हिडिओही काढला. काढू द्या. मुलाखतीत तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "पोराला याद आली मालक, पोराला याद आली."

मालक, एका पोराच्या आठवणीवर म्हातारा वाचला. पुढच्या वेळी त्या पोराला झोप लागली तर?

आणि हे कुणाच्या आठवणीवर सोडायचं नाही, असं कायदा म्हणतो. २०१६ च्या कायद्याचं कलम ८ काढून वाचा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांना कळेल अशा रीतीनं द्यायची. पुढं कलम ४२ सांगतं की माहिती, टीव्ही, संपर्काची साधनं दिव्यांगांना वापरता आली पाहिजेत, खुणांची भाषा आणि खाली अक्षरं यांच्यासकट. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की सुगम्यतेचे नियम म्हणजे जमलं तर करा अशा सूचना नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. "सुगम्य" म्हटलं की आपल्याकडं फक्त रॅम्प डोळ्यांपुढं येतो. रॅम्प हवाच. पण माझ्या कानाला रॅम्प म्हणजे लिहिलेला कागद.

कागद मिळाला की माणूस कुठवर जातो हेही बघा. सौम्या शर्मा यांची श्रवणशक्ती १६ व्या वर्षी गेली. २०१७ च्या यूपीएससीत त्या देशात नवव्या आल्या आणि आपल्याच राज्यात नागपूर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्यापुढं. सर्वोच्च न्यायालयात दुभाष्या चालतो, तर आपल्या सभागृहात का चालू नये?

मी काय केलं, तेही प्रामाणिकपणे सांगतो. पाच वर्षांत बरेच अर्ज केले. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "तुमच्याआधी कुणी मागितलंच नाही." खरं आहे. ज्याचा नंबर पुकारला आणि ऐकू आला नाही म्हणून गेला, तो दुपारी घरी जातो. पुढच्या वेळी नातवाला घेऊन येतो, नाहीतर येतच नाही. मागायला तो कधी येणार?

एका दवाखान्यात मात्र जमलं. ओपीडीबाहेर पांढरा फळा लावला, सिस्टर नंबर लिहायच्या. खर्च काही शे रुपये. पहिल्याच दिवशी सगळ्यांत खूश झाले ते धडधाकट कानांचे लोक, कारण बाहेर चहा पिऊन आलं तरी नंबर कुठवर आला ते कळायचं. पंधरा दिवसांनी गेलो तर फळा कोरा. मार्कर वाळला होता, नवा कुणी आणला नव्हता. आता मी दर महिन्याला दोन मार्कर नेऊन देतो. याला चळवळ म्हणा, नाहीतर वेड म्हणा.

तर माझ्या मागण्या, थोडक्यात:

१. दवाखाना, बँक, तहसील, जिथं जिथं नंबर पुकारतात तिथं तो लिहून दिसला पाहिजे. यंत्र नसेल तर फळा चालेल.

२. जिथं मदतीसाठी फोन नंबर दिलाय तिथं मेसेजची सोय द्या आणि मेसेजला उत्तर द्या.

३. ग्रामसभेत विषय आधी लिहून लावा, बोलणाऱ्यानं माइकवर आणि लोकांकडं तोंड करून बोलावं.

४. कर्णबधिर मुलांना कार्यक्रमाला बोलवायचं असेल तर दुभाष्या स्टेजवर हवा. नसेल तर मुलांना शाळेत राहू द्या, शोभेला बसवू नका.

५. नेते, अधिकारी आणि आम्ही पत्रकार, सगळ्यांनी व्हिडिओखाली मराठी अक्षरं द्यावीत. सुरुवात मी माझ्यापासून करतोय.

६. प्रत्येक गावात ऐकू न येणाऱ्यांची यादी आणि प्रत्येक नावापुढं त्याला हलवून उठवणाऱ्या शेजाऱ्याचं नाव. कागदावर, ग्रामपंचायतीत.

७. पोराचा कान वाहत असेल तर तेल सोडू नका. शाळेत तपासणीचं पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. त्यांना कान दाखवा, डॉक्टरकडं न्या.

यातली एकही गोष्ट कोटीची नाही. १७ चीही नाही आणि ७० चीही नाही.

त्या कार्यक्रमाचं शेवटचं सांगायचं राहिलं. सगळं आटोपल्यावर मी मुलांपाशी गेलो. खुणांच्या भाषेत टाळ्या वाजवत नाहीत. दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. हे मी फार उशिरा शिकलो, चाळिशीनंतर. मी हात वर करून हलवले. क्षणभर मुलं बघत राहिली, मग पंचवीस जणांचे हात वर गेले. डास मारण्याच्या टाळीला फसलेलं ते टोकाचं पोरगं सगळ्यांत उंच हात करून उभं होतं. या वेळी त्यानं आधी कुणाकडंही बघितलं नाही.

तुमच्या गावात असं एक तरी घर असेल. आज आठवा, आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्या घराला रात्री कोण उठवणार हे ठरवून टाका.

आणि हो, यावर माझ्याशी बोलायचं असेल तर फोन करू नका. मेसेज करा. रेंजचा प्रश्न नाही.